सोसायटीच्या बागेत फुलपाखरं, भुंगे, माश्या राहायला याव्यात म्हणून काय काय करायचं

फुलपाखरं यावीत म्हणून कुठली फुलझाडं लावू, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर म्हणून पेंटास, झिनिया, एक्झोरा अशी यादी मिळते. यादी बरोबरच आहे, पण तेवढ्यावर फुलपाखरू येतं, मध पितं आणि निघून जातं. ते तुमच्याकडे राहायला हवं असेल तर त्याच्या अळीला खायला पान पाहिजे, कोषाला लटकायला काडी पाहिजे आणि आपल्या हातात फवारणीचा पंप नको. माश्यांचंही तेच, म्हणजे घरमाश्या नव्हेत, मधमाशीच्या नात्यातल्या, फुलांवर येणाऱ्या. फुलं भरपूर लावली पण घर करायला कोरडी पोकळ काडी किंवा उघडी माती ठेवली नाही, तर त्या शेजारच्या पडीक प्लॉटवरून ये-जा करणार आणि तिथे बिल्डिंग उभी राहिली की येणंच बंद होणार. म्हणून खाली फुलांपेक्षा पानांबद्दल, काड्यांबद्दल आणि मातीबद्दल जास्त लिहिलंय.

मी पुण्याची हवा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे थोड्या फरकाने हेच चालेल. मुंबई-ठाणे-कोकणात पाऊस आणि दमट हवा जास्त, तिथे काय बदलायचं ते मधे मधे सांगतेच.

पायरी १: काही विकत आणायच्या आधी बाग बघा

पहिला आठवडा काहीच लावू नका. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान रोज एक चक्कर मारा, वही बरोबर ठेवा, ऊन कुठे किती वेळ असतं, पाणी कुठे साचतं, मुलं कुठे खेळतात, आणि सध्या कुठल्या झाडावर काय बसतंय ते लिहा. फुलपाखराला अंग तापल्याशिवाय नीट उडता येत नाही, त्यामुळे दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा फुलांसाठी राखायची आणि सावलीची जागा लाकडाच्या ढिगासाठी, पाल्यासाठी.

आधीपासून काय आहे तेही नीट बघा, कारण बऱ्याचदा अर्धं काम झालेलंच असतं. बहुतेक सोसायट्यांच्या कंपाउंडला तो उंच सरळसोट अशोक असतो, सीतेचा अशोक नव्हे, खोटा अशोक म्हणतात तो. त्याच्या कोवळ्या पालवीवर टेल्ड जे आणि कॉमन जे ही हिरवी-निळी चपळ फुलपाखरं अंडी घालतात. कोणाच्या तरी गॅलरीखाली कढीपत्ता असतो, गेटपाशी कण्हेर असते, कुंपणाबाहेर रुई उगवलेली असते. ही सगळी अळ्यांची खाद्यझाडं आहेत. नवीन बागेसाठी जागा हवी म्हणून जुनं झाड तोडायचा विचारही करू नका. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते हे तर आहेच, पण एका जुन्या करंजावर जेवढं जगतं तेवढं आपल्या नव्या वाफ्यात यायला खूप वर्षं लागतात.

पायरी २: कमिटी, शेजारी आणि माळीकाका

हे टाळून पुढे गेलात तर एक दिवस कोणीतरी रुई उपटून टाकलेली दिसेल. सगळी बाग मागू नका, दहा बाय दहा फुटांचा एक तुकडा मागा, एका वर्षासाठी. मीटिंगमध्ये तीन प्रश्न येणारच: माश्या चावतील का, साप येतील का, डेंग्यू होईल का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, लोकांच्या घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत, तेव्हा उत्तरं तयार ठेवून जा.

माश्यांचं असं आहे की आपण ज्यांच्यासाठी घरं करतोय त्या एकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. एक मादी, तिची एक नळी, तिची चार-पाच अंडी. राखायला पोळं नाही, मध नाही, फौज नाही, त्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत, मुठीत धरून दाबलं तरच डंख होतो आणि नरांना तर डंखच नसतो. उंच इमारतीच्या छज्जाला मोठं पोळं करते ती आग्या माशी, तिची भीती योग्य आहे, पण तिचा आणि बांबूच्या नळ्यांचा काही संबंध नाही. सापांच्या बाबतीत, साप येतो तो उंदरांमागे, म्हणून ओला कचरा झाकलेला ठेवायचा आणि लाकडाचा ढीग लहान, आणि तो मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. डेंग्यूचं खाली पाण्याच्या पायरीत येतंय.

माळीकाकांशी मात्र मीटिंगबाहेर, बागेत उभं राहून बोला. त्यांना वर्षानुवर्षं एकच सूचना मिळालेली असते की स्वच्छ ठेवा, म्हणजे तण काढा, पाला उचला, झुडपं छाटा. आता अचानक आपण म्हणतो की हे तण राहू द्या, तर त्यांना नेमकं कुठलं ते दाखवायला नको का? दगडांची कड लावून तुकडा वेगळा करा, प्रत्येक झाडावरची अळी एकदा त्यांना स्वतः दाखवा. गावाकडचे असतील तर ते तुम्हालाच चार नावं जास्त सांगतील. आणि एक पाटी लावा: इथली पानं अळ्यांसाठी आहेत, कुरतडलेली दिसली तर काळजी नको.

पायरी ३: आधी पानं

प्रत्येक फुलपाखराची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. मादी पायाने पान चाचपून बघते, योग्य वाटलं तरच अंडं घालते. त्यामुळे इथे अंदाजाने काहीही लावून उपयोग नाही.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्यापासून सुरू करा. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या दोघांना ही झाडं चालतात आणि ही दोन्ही फुलपाखरं शहरात सगळीकडे आहेत. अंडं मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, कोवळ्या पानावर एकेकटं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, तपकिरी-पांढरी, म्हणून लोक ती घाण समजून पान तोडून टाकतात. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि हलकं बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि आंबूस उग्र वास येतो, शत्रूला हाकलायला. उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभरात काम होतं. स्वयंपाकासाठी एक कढीपत्ता आणि अळ्यांसाठी एक, असे दोन लावलेत तर कोणाची तक्रार येत नाही. जागा मोठी असेल तर पपनस किंवा माकडलिंबू पण लावा, त्यावर ब्लू मॉरमॉन येऊ शकतं, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये ते जाहीर झालं. काळ्या पंखांवर निळ्याचा एवढा मोठा पट्टा असतो की चौथ्या मजल्यावरूनही ओळखू येतं.

दुसरं झाड रुई. पडीक जागेतलं म्हणून लोक नाक मुरडतात, पण मारुतीला शनिवारी रुईच्या पानांचा हार लागतो हे कमिटीला सांगितलं की विरोध कमी होतो. प्लेन टायगरची अळी रुईच्या पानावर वाढते, काळे-पांढरे-पिवळे पट्टे, अंगावर काळ्या मऊ काट्यांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. आणि त्याच रुईच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, म्हणजे एकाच झाडावर पान एकाचं आणि फूल दुसऱ्याचं. फक्त चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून रुई मुलांच्या हाताला लागेल अशी लावू नका आणि छाटल्यावर हात धुवा. कण्हेरही विषारी आहे, पण ती बहुतेक ठिकाणी आधीच असते. तिच्या पानांखाली कॉमन क्रोचे कोष शोधा, चांदीचा मुलामा दिल्यासारखे चकचकीत असतात, त्यात समोरच्याचा रंग दिसतो.

पानफुटीसाठी एक कुंडी पुरते. रेड पिएरो नावाचं छोटं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं आणि अळी पानाच्या आत शिरते, वरच्या आणि खालच्या सालीच्या मधला गर खात पुढे सरकते. पान उजेडासमोर धरलंत तर आतला पोकळ, पांढुरका रस्ता आणि काळी विष्ठा दिसते. नवख्या माणसाला वाटतं की झाडाला बुरशी लागली आणि तो पानं काढून कचऱ्यात टाकतो. तसं करू नका, पानफुटी पानापासूनच परत येते, तिचं काही बिघडत नाही.

बाकीची भरभर सांगते. कुंपणावर कृष्णकमळ, त्यावर टॉनी कोस्टर. मोठी जागा असेल तर बहावा, त्यावर कॉमन एमिग्रंट. सीताफळावर टेल्ड जे. कोरांटीवर पॅन्सी जातीची फुलपाखरं. एरंडावर कॉमन कॅस्टर, पण एरंडाच्या बिया विषारी, लहान मुलं असतील तर नको. ईश्वरीची वेल मिळाली तर जरूर लावा, कॉमन रोज आणि क्रिमझन रोज तिच्यावरच अवलंबून असतात.

पायरी ४: मग फुलं, आणि ती बारा महिने

फुलांची खरी अडचण प्रकारांची नसते, महिन्यांची असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळीकडेच फुलं असतात, तेरडा फुललेला, कॉसमॉस फुललेला, पण एप्रिल-मे महिन्यात सोसायटीत काय असतं? तेव्हा मोठी झाडं कामाला येतात, पांगारा, करंज, कडुनिंब, जांभूळ, शेवगा. ती नसतील तर तुळस, सब्जा, निर्गुडी, जास्वंद आणि पेंटास यांना उन्हाळ्यात पाणी देत राहा, ती बराच काळ फुलत राहतात. थंडीत मोहरी, मुळा, कोथिंबीर, बडीशेप यांची काही रोपं भाजीसाठी न तोडता फुलू द्या, त्या बारीक फुलांवर लहान माश्या आणि ज्यांच्या अळ्या मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) खातात त्या माश्या तुटून पडतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची सवय असते आपल्याला, तर एक तुळस वृंदावनातली आणि चार-पाच माश्यांसाठी मोकळी सोडलेली, असं करा.

एकाच प्रकारची पाच-सहा रोपं जवळजवळ लावा, एकेक विखरून नको, माशीला एका फेरीत एकाच फुलावर काम करता आलं की तिची दमछाक वाचते. आणि फुलं एकेरी पाकळ्यांची घ्या. नर्सरीत तो गच्च भरलेला, लाडवासारखा झेंडू मिळतो किंवा दुहेरी जास्वंद, त्यात पाकळ्या इतक्या वाढवलेल्या असतात की मधापर्यंत पोचताच येत नाही. घाणेरीवर फुलपाखरं बसतात हे खरं, तरी ती लावू नका, तिने आपली डोंगर-जंगलं आधीच व्यापलीत आणि पक्षी तिचं बी लांबवर नेतात.

एक खास झाड सांगते, खुळखुळा. टायगर आणि क्रो जातीचे नर याच्या वाळक्या शेंगांवर, देठांवर सोंड खुपसून बसतात, मधासाठी नाही, त्यातली विशिष्ट रसायनं ते गोळा करतात आणि त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. कोपऱ्यात दोन-तीन खुळखुळे असले तर पावसाळ्यानंतर काय गर्दी होते ते बघाच.

रोपं आणायची कुठून? शक्यतो नर्सरीतून आणूच नका, निदान खाद्यझाडं तरी. तिथल्या रोपांवर बऱ्याचदा कीटकनाशक मारलेलं असतं, काही औषधं रोपाच्या रसात शिरून कित्येक आठवडे, कधी महिने टिकतात आणि आपण कौतुकाने आणलेल्या लिंबावरची अळी दोन दिवसांत मरते. कढीपत्त्याच्या मुळांतून फुटवे येतात, कोणाकडे तरी मागा. पानफुटी पानापासून, कण्हेर आणि कृष्णकमळ फांदीपासून, रुई, खुळखुळा, टाकळा बियांपासून येतात. नर्सरीतूनच घ्यावं लागलं तर रोप वेगळं ठेवा आणि नवीन फुटलेली पालवी येईपर्यंत थांबा. लावायची वेळ म्हणजे जूनमधले पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. एप्रिलमध्ये उत्साहाने लावलेली रोपं टँकरच्या पाण्यावर जगवत बसावी लागतात.

पायरी ५: उपटायचं काय, ठेवायचं काय

पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्यांपैकी टाकळा ठेवा, त्यावर एमिग्रंट आणि ग्रास यलो अंडी घालतात आणि कोवळा असताना त्याची भाजी तुम्हीही करू शकता. घोळ ठेवा, डॅनेड एगफ्लायची अळी तिच्यावर वाढते आणि त्याची मादी प्लेन टायगरसारखी दिसते, विषारी असल्याचं सोंग घेऊन वाचते. एकदांडी ठेवा, तिच्या छोट्या पिवळट फुलांवर लहान निळी फुलपाखरं दिवसभर असतात. चिकणा, आघाडा, केना थोडे थोडे ठेवा. गाजर गवत मात्र फुलायच्या आधी मुळासकट काढा, हातमोजे घालून. लॉनची एक कड न कापता वाढू द्या, गवतावर वाढणारी फुलपाखरं आहेत, आणि कापायचं ते दिवाळी उलटून गेल्यावर, एकदम सगळं न कापता दोन टप्प्यांत.

पालापाचोळा जाळायचा नाही, घनकचरा नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला बंदीच आहे. झाडाखालीच चार-पाच इंचांचा थर राहू द्या. त्यात कोष असतात, गोगलगायी असतात, गांडुळं असतात, आणि चिमण्या, दयाळ, सातभाई तोच पाला उलथापालथा करून पोट भरतात.

पायरी ६: माश्यांची घरं

सध्या ऑनलाइन सुंदर दिसणारी बी हॉटेलं मिळतात, घराच्या आकाराची, मधे पाइनचे कोन, भुसा, रंगीत काच लावलेली. ती घेऊ नका. भोकं खरखरीत असतात, मागून उघडी असतात, जेमतेम दोन-तीन इंच खोल असतात आणि साफ करता येत नाहीत. घरी केलेलं स्वस्त पडतं आणि जास्त वापरलं जातं.

बांबूच्या बारीक काड्या आणा, पुण्यात बुरूड आळीत मिळतात, इतर गावांत जिथे सुपं-टोपल्या विणतात तिथे विचारा. आतली पोकळी ३ ते १० मिलिमीटरची हवी, बहुतेक काड्या ५ ते ८ च्या दरम्यानच्या घ्या. तुकडा सहा इंच लांब कापायचा आणि असा कापायचा की पेर मागच्या टोकाला येईल, म्हणजे मागची बाजू आपोआप बंद. माशी दोन्हीकडून उघडी नळी सहसा घेत नाही. पुढचं तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, कुसळ राहिलं तर तिचे पंख फाटतात. कच्च्या बांबूत पिष्ट असतं आणि त्याला भुंगेरे लागतात, खाली पिठासारखी पूड पडायला लागते, म्हणून कापण्याआधी काड्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, नंतर सावलीत पूर्ण वाळवा. व्हार्निश, रंग, वाळवीचं औषध काही लावायचं नाही.

पंधरा-वीस काड्यांची मोळी बांधून रिकाम्या डब्यात किंवा पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घट्ट बसवा. पाइप काड्यांपेक्षा दोन-तीन इंच लांब असू दे, तेच छप्पर. कोकणात आणि मुंबईत त्याच्यावर आणखी एक पत्रा किंवा कौल हवं. बांबूऐवजी लाकडाचा ठोकळा चालतो, जुना, न रंगवलेला, प्लायवूड नको. त्याला ४, ६ आणि ८ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा, शक्य तेवढी खोल पण आरपार नाही.

टांगायचं नाही, घट्ट बांधायचं, वाऱ्यात हलणाऱ्या नळीत कोणी राहत नाही. छातीच्या उंचीला, तोंड पूर्वेकडे. याची दोन कारणं आहेत. सकाळचं कोवळं ऊन मिळालं की माशी लवकर कामाला लागते, आणि आपला पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो तसंच एप्रिल-मेचं भाजणारं ऊनही दुपारनंतर पश्चिमेकडूनच येतं, दोन्हींकडे पाठ होते. सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरताना लावा. आणि एक मोठं लावण्यापेक्षा तीन-चार लहान लावा, एकमेकांपासून लांब, कारण सगळी घरं एका जागी आली की परजीवी माश्यांचं फावतं. हिरव्या-निळ्या धातूसारख्या चमकणाऱ्या छोट्या गांधीलमाश्या नळ्यांसमोर घुटमळताना दिसतील, त्या दुसऱ्याच्या घरात अंडी घालतात. त्यांना मारू नका, त्याही इथल्याच आहेत, फक्त घरं विखुरलेली ठेवा.

अंडी घालून झाली की मादी नळीचं तोंड बूच लावून बंद करते, कोण राहायला आलं ते त्या बुचावरून ओळखायचं. हिरव्या पानांच्या तुकड्यांचं बूच असेल तर पानकापी माशी. गुलाबाच्या, बोगनवेलीच्या पानांना कडेने अगदी गोल, कात्रीने कापल्यासारखे अर्धचंद्र पडलेले दिसतात ना, ते हिचं काम. ती पानाच्या कडेला बसते, जबड्याने कापत स्वतःभोवती फिरते आणि तुकडा सुटता सुटता तो पायांत धरून उडते, अक्षरशः काही सेकंदांत. नळीत पानांची वाटी करते, त्यात परागांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं, मग पुढची वाटी. मागे मादीची अंडी, पुढे नराची, म्हणजे नर आधी बाहेर पडतात. पराग ती पायांवर न आणता पोटाखालच्या केसांत आणते, त्यामुळे परतताना तिचं पोट पिवळंधमक दिसतं. गुलाबवाल्या काकूंना हे एकदा दाखवा, मग त्या पानांवर औषध मारायचा हट्ट धरत नाहीत.

मातीचं बूच असेल तर बहुधा कुंभारीण किंवा तिच्या नात्यातली गांधीलमाशी, ती आत अळ्या बेशुद्ध करून भरते, पिलांसाठी. भाजीच्या वाफ्याला तिच्यासारखी राखणदार नाही. मोठा काळा, निळसर झाक असलेल्या पंखांचा भुंगा स्वतः लाकूड किंवा जाड बांबू पोखरतो, त्याच्यासाठी दोन वाळकी जाड लाकडं उभी पुरून ठेवा म्हणजे तो पर्गोल्याच्या, म्हणजे बागेतल्या लाकडी मांडवाच्या वाश्याला लागणार नाही.

बुचाला भोक पडून पिलं बाहेर गेली की ती काडी काढून टाका आणि नवी घाला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सगळ्या काड्या तपासायच्या, बुरशी दिसली तर काढायच्या, बंद बूच असलेल्यांना हात लावायचा नाही. हे करायला माणूस नसेल तर हॉटेल लावूच नका, जुन्या नळ्यांत रोग आणि परजीवी साचतात. मुंग्या चढत असतील तर खांबाला ग्रीसचा पट्टा मारा.

पायरी ७: मातीचा ओटा आणि लाकडाचा ढीग

बी हॉटेलचे फोटो छान येतात म्हणून सगळे तेच करतात, पण बहुतेक एकट्या माश्या जमिनीत बीळ करून राहतात आणि सोसायटीत उघडी जमीन उरतेच कुठे, पेव्हर ब्लॉक नाहीतर लॉन. म्हणून उन्हातल्या कोपऱ्यात दीड-दोन फूट उंच, तीन-चार फूट लांब मातीचा ओटा करा, लाल माती, थोडी वाळू, चांगली चोपून, एक बाजू उभी ठेवून. त्यावर काही लावायचं नाही, पाला टाकायचा नाही, पाणी मारायचं नाही. पावसाने झिजला तर पुन्हा लिंपायचा, बिळं असलेली बाजू सोडून.

अशा मातीत निळ्या पट्ट्यांची माशी येते, आणि वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांनी तर तिच्यासाठी हा ओटा करावाच. वांग्याच्या फुलातले पराग एका बारीक छिद्रातून बाहेर पडतात, नुसतं बसून मिळत नाहीत. ही माशी फूल घट्ट धरून अंग थरथरवते, मोठ्याने गुणगुण ऐकू येते आणि पराग मिठासारखे खाली सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. संध्याकाळी हिचे नर वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन ओळीने लटकून झोपतात, म्हणून झेंडू-तुळशीचे वाळलेले दांडे लगेच उपटू नका.

लाकडाचा ढीग सोपा आहे. छाटलेल्या जाड फांद्या सावलीत, अर्ध्या मातीत पुरून, गुडघ्याइतक्या उंच रचून सोडून द्या. गोमी, भुंगेरे, त्यांच्या पांढऱ्या अळ्या, सरडे, सगळे येतात. भिंतीपासून निदान दहा फूट लांब, वाळवीच्या भीतीने लोक नाहीतर ढीग उचलायला लावतील.

पायरी ८: पाणी

मातीची पसरट थाळी, त्यात खडे, खड्यांची डोकी पाण्याबाहेर, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी एक दिवसाआड ओतून थाळी घासायची. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एवढं पाळलंत तर डेंग्यूचा प्रश्न येत नाही. पाळायला माणूस नसेल त्या आठवड्यात थाळी उलटी करून ठेवा. शेजारीच थोडी माती-वाळू ओली ठेवली तर फुलपाखरांचे नर क्षार शोषायला चिखलावर बसतात. कमळाची टाकी करायची असेल तर ती दुसऱ्या वर्षी करा, तिची निगा वेगळी आहे.

पायरी ९: फवारणी थांबवा, आणि रात्रीचे दिवे

सोसायटीचा पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार असतो, त्यात बाग असते का ते विचारा आणि बाग वगळून घ्या. मावा आला की घाबरू नका. रुईवर पिवळा मावा येतोच, आठवडाभर थांबलात तर ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या काटेरी अळ्या येऊन तो खातात. फारच झाला तर पाइपच्या पाण्याने धुऊन काढा, पिठ्या ढेकूण असेल तर ओल्या कापडाने पुसा. नीमतेल सेंद्रिय आहे म्हणून खाद्यझाडांवर मारतात, पण अळीला ते सेंद्रिय असल्याचा काही फायदा नाही, ती मरतेच. धुराची फवारणी होणार असेल तर थाळ्या झाकून ठेवा आणि जमलं तर बागेच्या आत येऊ नका अशी विनंती करा, डासांबरोबर बाकीचेही पडतात.

रात्री दहानंतर बागेतले पांढरे एलईडी बंद, रस्त्यापुरता पिवळा दिवा राहू दे. पतंग रात्री काम करतात, पपईचं परागीभवन मुख्यतः त्यांच्यावरच चालतं. इमारतीवर आग्या माश्यांचं पोळं असेल तर त्याच्याजवळचे दिवे तर नक्की बंद, उजेडामुळेच त्या घरात शिरतात. पोळं जाळू देऊ नका, हंगाम संपला की त्या स्वतःच स्थलांतर करतात, आणि अगदी हलवावंच लागलं तर जाणकार माणूस बोलवा. पेटीत सातेरी मधमाश्या पाळायची इच्छा असेल तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर शिकून मगच.

पायरी १०: लिहून ठेवा

पहिल्या पावसाळ्यात फारसं काही दिसलं नाही तर झाडं बदलू नका, कढीपत्ता गुडघ्याएवढा झाला की अंडी यायला लागतात, मातीच्या ओट्याला तर वर्षभरही लागू शकतं. मधल्या काळात एखादी तयार जागा बघून या, मुंबईत माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, पूर्वी तिथे कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं, १९९४ पासून ते उद्यान म्हणून खुलं आहे. ठाण्यात ओवळेकर वाडी आहे, खास फुलपाखरांची.

आणि नोंद ठेवा. महिना, झाड, काय दिसलं, एवढंच. कमिटीने वर्षाने विचारलं की त्या तुकड्याचं काय झालं, तर दाखवायला हीच वही लागते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर फोटो टाकलात तर जाणकार लोक नाव सांगतात. अळीचा फोटो काढताना पान तोडू नका, आणि ज्या झाडावर ती आहे त्याचाही एक फोटो घ्या, झाड कळलं की निम्मी ओळख तिथेच पटते.